तुटायची जागा

भाचेराव, तुटलेले दाते फेकून दिले नसतील तर रविवारी येताना आधी ते घेऊन ये. नव्या गिअरबॉक्सचं नंतर बोलू.

नांदेड रोडवरच्या आमच्या शेडमध्ये चाळीस वर्षांत गिअरच्या किती पेट्या उघडल्या याची मोजदाद नाही. ट्रॅक्टरच्या, जीपच्या, काळीपिवळीच्या, हळदीच्या पॉलिश ड्रमच्यासुद्धा. पण उस्तादानं लावलेली एक सवय सुटली नाही. मोडलेला भाग रॉकेलनं धुवायचा आणि उन्हात धरून निवांत बघायचा. दात्याची तुटलेली बाजू खडीसाखर फोडल्यासारखी दाणेदार असेल तर तो एका झटक्यात गेला, म्हणजे कुणीतरी क्लच दणकन सोडला. तिथे चंद्रकोरीसारख्या एकामागे एक रेषा असतील आणि शेवटचा कोपराच तेवढा खरखरीत असेल, तर चीर कितीतरी महिने आतून सरकत होती, तुला कळली आत्ता. दात्यांच्या अंगावर देवीच्या व्रणांसारखे बारीक खड्डे दिसले तर भार जास्त किंवा तेल हलकं. आणि धातू निळसर-काळा पडला असेल तर मजबुतीचं नाव काढू नकोस, पेटीत तेलच नव्हतं. तेल नसलेल्या घरात भीमाला बसवलंस तरी तोही मोडेल.

आता माझा अंदाज सांगतो. तुझी झेन गाडी मुळात ९९३ सीसीची, सुरुवातीची ५० अश्वशक्तीची. तू तिच्यात एस्टीमचं १२९८ सीसीचं सोळा व्हॉल्व्हवालं इंजिन घातलंस, ते ८५ चं. हा नाद काही तुझ्या पिढीनं काढलेला नाही. झेन १९९३ ला आली, एस्टीम १९९४ ला, आणि दोन्ही इंजिनं सुझुकीच्या एकाच ‘जी’ घराण्यातली, म्हणून मुंबई-पुण्याची पोरं पूर्वीपासूनच हे लग्न लावत आलीत. इंजिन मोठं केलं, टायर रुंद केले, क्लच कडक केला, आणि पेटी तेवढी ५० अश्वशक्तीच्या संसाराला बांधलेली. मोडायला तीच उरली होती.

मोबाइलवर तू दाखवलेल्या त्या जपानी स्टारलेटची गोष्ट तीच आहे. १३३१ सीसीचं टर्बो इंजिन, पोरं टर्बोचा दाब वाढवतात, मग मूळची सी-५२ पेटी दम सोडते आणि टोयोटाचीच सी-५६ शोधत फिरावं लागतं. म्हणजे टोक्योत काय आणि हिंगोलीत काय, दुखणं एकच.

पण ऐक. रोटाव्हेटरच्या पीटीओ शाफ्टला एक साधा मऊ बोल्ट असतो. रानात दगड लागला की तो तुटतो आणि पेटी वाचते. शेतकरी दोन-चार वेळा बोल्ट बदलून वैतागतो, शेवटी तिथे हायटेन्साइल बोल्ट ठोकतो आणि म्हणतो, झालं, आता तुटत नाही. बरोबर आहे, बोल्ट तुटत नाही. पुढच्या दगडाला रोटाव्हेटरची पेटी फुटते आणि ती ट्रॉलीत घालून माझ्याकडे येते. मी असे किती बोल्ट खिशात घालून फिरलोय, मामीला विचार, धुण्यात सापडायचे. तुझ्या गाडीतही इंजिनापासून टायरपर्यंत एक साखळी आहे: क्लच, पेटी, डिफरेन्शियल, अ‍ॅक्सल, टायर. आतापर्यंत पेटी हा तुझा मऊ बोल्ट होता. ती मजबूत केलीस की तुटायची जागा एक घर पुढे सरकते, नाहीशी होत नाही. तेव्हा पैसे काढायच्या आधी ठरव, काय तुटलेलं तुला परवडेल? मला विचारशील तर क्लच घसरू दे, टायर घसरू दे. क्लच प्लेट एका दिवसात बदलते. अ‍ॅक्सल औंढ्याच्या वळणावर तुटला तर गाडी कुठे जाईल ते तुझ्या हातात राहत नाही. म्हणून तो तांब्याच्या चकत्यांचा शर्यतीचा क्लच मागवलायस ना, तो राहू दे. एस्टीमचाच चांगला क्लच पुरे.

आता एस्टीमची पेटी कुठून आणायची. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा दिल्लीच्या मायापुरीला ढीग लागलेले असतात, पण दुकानदार सांगेल ते ऐकायचं आणि हात सांगतील ते मानायचं. आधी तेलाचा खालचा बोल्ट उघडायला लाव. ‘तेल काढून टाकलंय साहेब’ म्हणाला तर शहाणपण म्हणून दुसऱ्या दुकानात जा, कारण तेल हीच पेटीची नाडी. त्या बोल्टाच्या लोहचुंबकावर राखाडी लोण्यासारखा गाळ असेल तर चालतं, पेटी वापरातली आहे. टोचणारे कण, नखाएवढा तुकडा दिसला तर खाली ठेव. मग इनपुट शाफ्ट धरून वर-खाली हलव. किंचित हालचाल चालते, खडखड नको. प्रत्येक गिअर टाकून हातानं फिरव, डोळे मिटून. बेअरिंगची एखादी गोटी खरवडली असेल तर ती बोटाला सांगते, कानाला नाही. पाचवा दोनदा टाकून काढून बघ, कारण जुन्या पेट्यांत तो निसटायचं दुखणं बरंच दिसतं.

तिथंच उभं राहून तिचा हिशोबही काढ. हे कुणी शिकवत नाही म्हणून नीट ऐक. पाचवा गिअर टाक. अ‍ॅक्सलचं एका बाजूचं टोक कुणाला तरी घट्ट धरायला सांग आणि दुसरं टोक दहा फेऱ्या फिरव. इनपुट शाफ्टवर खडूची खूण करून त्याच्या फेऱ्या मोज. एक बाजू अडवली की मोकळी बाजू डिफरेन्शियलच्या दुप्पट फिरते, म्हणून आलेला आकडा दुप्पट करायचा. साडेपंधरा आल्या तर एकतीस, म्हणजे एकूण प्रमाण ३.१. अठरा आल्या तर ३.६. तुझा टायर १४५/७० आर १३ असेल तर त्याचा घेर साधारण १.६७ मीटर. इंजिनाच्या ३००० फेऱ्यांना ३.१ वाली पेटी ९७ च्या आसपास पळवेल, ३.६ वाली जेमतेम ८४. टायर बदललेस तर हिशोब पुन्हा कर. पोरांना नेहमी पाचव्याचा वेग हवा असतो. अरे, वसमतच्या रस्त्याला हंगामात उसाच्या जोडट्रॉल्या चालतात, पूर्णा कारखान्याकडे. त्यांना ओलांडताना पाचवा कामाला येत नाही, तिसरा येतो. म्हणून तिसऱ्याचाही आकडा असाच मोजून आण. तो लांब निघाला तर पेटी कितीही मजबूत असो, घेऊ नकोस.

बसवताना घाई करशील, मला माहीत आहे, म्हणून चार ठिकाणी तुझा हात धरतो.

पहिलं म्हणजे डॉवेल. इंजिन आणि पेटी यांच्यामध्ये दोन छोट्या पोकळ पिना असतात. जुन्या पेट्यांवरून त्या हमखास हरवलेल्या असतात आणि लोक म्हणतात बोल्टानंच बसतंय की! बोल्टाला भोकात जागा असते रे, पेटी केसभर खाली बसते. मग इनपुट शाफ्ट मधोमध राहत नाही, क्लच प्लेटची जाळी तडकते, पुढचं बेअरिंग ओरडायला लागतं, आणि दोष जातो ‘खराब पेटी’वर. पिना नसतील तर आण, त्याशिवाय काम पुढे नेऊ नकोस.

दुसरं म्हणजे क्लच प्लेट. ती बाहेरून इंजिनाच्या फ्लायव्हीलची आणि आतून नव्या पेटीच्या शाफ्टची असते. आतल्या खाचा मोजून, प्लेट शाफ्टवर सरकवून बघ. जोरानं जात असेल तर ती नाही. डमी शाफ्टनं मधोमध धरून मगच प्रेशर प्लेट आवळ. पेटी चढवताना तिचं वजन क्षणभरसुद्धा प्लेटवर टांगू देऊ नकोस, खाली जॅक ठेव आणि दुसरा माणूस घे. दोन बोटांची फट उरली आणि पेटी पुढे जात नाही, तर बोल्ट आवळून ओढायची नाही. बोल्ट ओढत नसतो, तो फक्त धरून ठेवतो. पेटी मागे घे, शाफ्ट थोडा फिरव, पुन्हा लाव. नीट बसणारी पेटी हातानं बसते.

अ‍ॅक्सल हे तिसरं, तिथे जरा थांबतो, कारण इथे माझी स्वतःची अब्रू गेलेली आहे. हब झेनचा, पेटी एस्टीमची, तेव्हा अ‍ॅक्सल म्हणजे दोघांचं लेकरू. आतला जॉइंट पेटीवर जातो, बाहेरचा हबवर, आणि मधल्या दांड्याची लांबी कुणालाच माहीत नसते. ऐन उमेदीत एका गिऱ्हाईकाच्या गाडीला मी दोन दांडे कापून वेल्डिंग केलं होतं. लेथवर सरळ केलं, घासून चकचकीत केलं, दिसायला सोन्याचं काम. पहिल्याच पावसाळ्यात कनेरगाव नाक्याजवळ गाडी उभी राहिली. वेल्डिंग तुटलं नव्हतं, त्याच्या शेजारी दोन बोटांवर दांडा पिळवटून गेला होता. दांड्याला कारखान्यात पाणी दिलेलं असतं, वेल्डिंगच्या आगीनं ते उतरतं आणि तेवढाच पट्टा मऊ होतो. बघ, मऊ बोल्ट मीच तयार केला आणि तोही नको तिथे. त्या माणसाला मी ट्रॅक्टरनं ओढून आणलं, पैसे घेतले नाहीत, तरी तो पुन्हा कधी शेडवर आला नाही. तेव्हा दांडा अख्खाच घ्यायचा, नाहीतर चांगल्या पोलादाचा नवा करून घ्यायचा. लांबी मोजताना गाडी एकदा जॅकवर लटकव आणि एकदा चाकं पूर्ण दबव, दोन्ही वेळा मोज. उंचवट्यावर चाक वर गेलं की आतला जॉइंट पेटीच्या दिशेनं सरकतो. तिथे जागा उरली नाही तर तो डिफरेन्शियलला हातोड्यासारखा ठोकतो. आपल्या काळ्या मातीतले रस्ते दर पावसाळ्यात लाटांसारखे उठतात, तेव्हा हे नांदेडच्या गुळगुळीत रस्त्यावर तपासून भागणार नाही, कळमनुरीच्या आतल्या रस्त्यावर घेऊन जा.

चौथं माउंटिंग. रबरं नवी घाल. पण लोखंडी ठोकळे घालू नकोस, सगळी गाडी दातांत वाजेल. गिअरच्या दांडीची जोडणी, स्पीडोमीटरची केबल, रिव्हर्सच्या लाइटचा स्विच, ही कामं किरकोळ. एका दुपारी होतात.

तेल ७५डब्ल्यू-९०, जीएल-४. डब्यावर जीएल-५ मोठं दिसतं म्हणून ते चांगलं असं नाही. त्यातलं गंधकाचं रसायन पितळी सिंक्रो रिंगला खातं. गाडी सपाट जागी ठेवून भरायच्या भोकातून तेल बाहेर डोकावेपर्यंत भर. अंदाजानं नको.

आणि आरटीओचं. एमएच-३८ ची पाटी आहे म्हणून आपलं ऑफिस ओळखीचं असेलही, पण मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम ओळख बघत नाही. कंपनीनं मुळात ठरवलेल्याहून आरसी बुकातला तपशील वेगळा पडेल असं काही गाडीत केलं की तो बदल. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये तेच उचलून धरलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं प्रत्येक बदलाला पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंतची कैद, नाहीतर दोन्ही, असं लिहून ठेवलं. इंजिनाचा नंबर तू आरसीवर चढवून घेतलायस का? घेतला नसशील तर पेटीच्या आधी ते. अपघात झाला आणि विमावाल्यानं बॉनेट उघडलं की मामाचे कानमंत्र कामाला येत नाहीत. शर्यतीच करायच्या असतील तर रॅलीला जा. नाशिकच्या रॅली ऑफ महाराष्ट्रला कधीकाळी एस्टीम आणि बलेनो धुरळा उडवायच्या. तिथे नियमात राहून मोडायला परवानगी असते.

गाडी चालू झाली की पहिले दोनशे किलोमीटर क्लच सोडताना तुझ्या आजीला मागच्या सीटवर बसवलंय असं समज. मग तेल काढ. डब्यात काढू नकोस, पांढऱ्या तामचिनीच्या ताटलीत काढ, म्हणजे कण दिसतील, आणि ती ताटली तशीच झाकून इकडे घेऊन ये. आपण दोघं उन्हात बसून बघू. फक्त ताटली आपल्या घरचीच आहे हे मामीला कळू देऊ नकोस.