कुस्तीच्या व्यवसायाचा ताळेबंद

कुस्तीचे मैदान गर्दीने फुलले, की व्यवसाय उत्तम चालला, असा सर्वसामान्य समज असतो. आयोजक, प्रायोजक आणि क्वचित प्रसंगी कर्ज देणारी संस्थासुद्धा या समजाला बळी पडते. वस्तुतः प्रेक्षकांची गर्दी आणि व्यवसायाचे उत्पन्न या दोन भिन्न गोष्टी आहेत. बेंगळुरू शहराच्या नावाने उभ्या राहिलेल्या एका व्यावसायिक कुस्ती संघाची हकिकत त्या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे.

डिसेंबर २०१५ मध्ये भारतीय कुस्ती महासंघ आणि प्रो-स्पोर्टिफाय या संस्थेच्या पुढाकाराने प्रो रेसलिंग लीगचा पहिला हंगाम पार पडला. दिल्ली, हरियाणा, पंजाब, उत्तर प्रदेश, मुंबई आणि बेंगळुरू असे सहा संघ त्यात उतरले होते. ‘बेंगळुरू योद्धाज’ या संघाने नरसिंग यादव यांस लिलावात ३४.५ लाख रुपयांस घेतले. मुंबईत घडलेला, तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला आणि त्याच वर्षी लास व्हेगास येथील जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवलेला हा मल्ल. बजरंग पुनियासुद्धा याच संघात होता. अजिंक्यपद मुंबई गरुड संघाने पटकावले. पुढचा हंगाम जानेवारी २०१७ मध्ये झाला, तेव्हा संघांच्या यादीत बेंगळुरूचे नाव नव्हते. २०१८ आणि २०१९ च्या हंगामांतही ते परतले नाही. आणि २०१९ नंतर खुद्द लीगच कित्येक वर्षे बंद राहिली.

मल्ल नामांकित होते, खेळ अस्सल होता, दूरचित्रवाणीवर प्रक्षेपणही झाले. मग उणे कोठे पडले? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी कुस्तीच्या व्यवसायाची उत्पन्नाची अंगे समजून घेणे इष्ट ठरेल.

आपल्याकडील पारंपरिक मैदानाचा हिशेब सरळ आहे. गावची जत्रा, पंच कमिटीची वर्गणी, एखाद्या दानशूर व्यक्तीने जाहीर केलेले इनाम, आणि मोठे मैदान असल्यास तिकीट. छत्रपती शाहू महाराजांनी उभारलेले आणि १९१२ साली खुले झालेले कोल्हापूरचे खासबाग मैदान हे या व्यवस्थेचे वैभव. परंतु या व्यवस्थेत प्रत्येक मैदानाचा हिशेब त्याच रात्री संपतो. जमा आणि खर्च समान झाले, की कमिटी समाधानी. पुढील वर्षीचे उत्पन्न आज कोणत्याही कागदावर नोंदलेले नसते. मल्लाचा खुराक मात्र बारा महिने चालू असतो. दूध, तूप आणि बदाम जत्रेच्या तारखा पाहून थांबत नाहीत.

याच्या अगदी दुसऱ्या टोकास अमेरिकेतील वर्ल्ड रेसलिंग एंटरटेनमेंट, अर्थात डब्ल्यूडब्ल्यूई ही कंपनी आहे. तेथील कुस्त्यांचे निकाल आधी ठरलेले असतात आणि कंपनी स्वतःही आपल्या व्यवसायास ‘क्रीडा मनोरंजन’ असेच म्हणवून घेते. आखाड्यातील वस्तादास हा प्रकार रुचणार नाही, आणि ते स्वाभाविकच आहे. तथापि ऑक्टोबर १९९९ मध्ये ही कंपनी भागबाजारात उतरली आणि तेव्हापासून तिला आपले हिशेब जाहीर करावे लागले. त्यामुळे अभ्यासकाची मोठीच सोय झाली आहे.

या कंपनीची २०१९ आणि २०२० या दोन वर्षांची पत्रके शेजारी ठेवून वाचावीत. २०१९ चे एकूण उत्पन्न ९६.०४ कोटी डॉलर होते. त्यांपैकी प्रसारमाध्यमांकडून ७४.३१ कोटी, प्रत्यक्ष कार्यक्रमांपासून १२.५६ कोटी आणि खेळणी, कपडे इत्यादी ग्राहकोपयोगी वस्तूंपासून ९.१७ कोटी डॉलर मिळाले. मार्च २०२० मध्ये कोविड महामारीमुळे प्रेक्षागृहे बंद झाली. कुस्त्या फ्लोरिडा राज्यातील कंपनीच्या प्रशिक्षण केंद्रात, रिकाम्या खुर्च्यांसमोर होऊ लागल्या. रेसलमेनिया हा वर्षातील सर्वात मोठा सोहळासुद्धा प्रेक्षकांविना झाला. त्या वर्षी प्रत्यक्ष कार्यक्रमांचे उत्पन्न १.९९ कोटी डॉलरवर घसरले. म्हणजे सुमारे ८४ टक्के नाहीसे झाले. असे पत्रक एखाद्या चित्रपटगृहाने बँकेत आणले असते, तर शाखाधिकाऱ्याच्या कपाळावर आठ्या पडल्या असत्या.

प्रत्यक्षात कंपनीचे एकूण उत्पन्न वाढून ९७.४२ कोटी डॉलर झाले आणि निव्वळ नफा ७.७१ कोटींवरून १३.१८ कोटी डॉलरवर गेला. कारण माध्यमांचे उत्पन्न ८६.८२ कोटींवर पोहोचले होते. फॉक्स वाहिनीशी झालेला पाच वर्षांचा, शंभर कोटी डॉलरहून अधिक रकमेचा करार ऑक्टोबर २०१९ पासून लागू झाला होता आणि त्याचा पूर्ण वर्षाचा लाभ २०२० मध्ये मिळाला. या कराराचा हप्ता प्रेक्षागृहात किती माणसे बसली यावर अवलंबून नव्हता. ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी कार्यक्रम सादर होणे एवढीच अट महत्त्वाची होती. शिवाय गावोगावच्या दौऱ्यांचा प्रवासखर्च आणि सभागृहांचे भाडे वाचले.

नफ्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. एप्रिल २०२० मध्ये कंपनीने अनेक मल्लांना आणि कर्मचाऱ्यांना कमी केले. तेथील मल्ल हे नोकर नसून स्वतंत्र कंत्राटदार मानले जातात, त्यामुळे त्यांचा करार संपविणे कंपनीस तुलनेने सोपे जाते. ज्या वर्षी नफा उच्चांकी झाला, त्याच वर्षी तो मिळवून देणाऱ्यांपैकी अनेक जण घरी बसले, ही नोंद ताळेबंदाच्या कोणत्याही रकान्यात सापडत नाही.

अशा उत्पन्नात जोखीम नाही असेही नाही. मोजक्या वाहिन्यांवर भिस्त ठेवणारी कंपनी ही एकाच मोठ्या खरेदीदाराला माल पुरविणाऱ्या लघुउद्योगासारखीच असते. करार नूतनीकरणाचे वर्ष हे तिच्या कसोटीचे वर्ष. डब्ल्यूडब्ल्यूई या कसोटीस आजवर उतरली आहे. २०२२ मध्ये तिचे उत्पन्न १२९.१५ कोटी डॉलर झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये यूएफसीबरोबर ‘टीकेओ’ या नव्या कंपनीत विलीन होताना तिचे मूल्य सुमारे ९३० कोटी डॉलर धरण्यात आले. आणि जानेवारी २०२५ पासून ‘रॉ’ हा तिचा मुख्य साप्ताहिक कार्यक्रम नेटफ्लिक्सकडे गेला, तोही दहा वर्षांसाठी. भारतात एप्रिल २०२५ पासून सोनीऐवजी नेटफ्लिक्सवरच तिचे कार्यक्रम दिसू लागले.

आता पुन्हा बेंगळुरूकडे वळू. कुस्ती लीगचा पहिला हंगाम १० ते २७ डिसेंबर, म्हणजे अवघा अठरा दिवसांचा होता. उदाहरणादाखल, केवळ समजुतीसाठी, एखाद्या संघाचा मल्ल, प्रशिक्षक, प्रवास, निवास आणि संघशुल्क मिळून वार्षिक खर्च पाच कोटी रुपये धरावा. अठरा दिवसांत तिकीट आणि प्रायोजक यांमधून तो भरून काढायचा, म्हणजे दररोज सुमारे अठ्ठावीस लाख रुपये उभे करायचे. उरलेल्या ३४७ दिवसांत उत्पन्न शून्य. पुढचा हंगाम केव्हा होईल हे निश्चित नसेल, तर प्रायोजकाशी तीन वर्षांचा करार तरी कोणत्या आधारावर करणार? पहिला हंगाम २०१५ मध्ये झाल्यावर २०१६ हे पूर्ण वर्ष रिकामे गेले, ही बाब येथे कळीची आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये नरसिंग यादव यांच्यावर उत्तेजक सेवनाच्या प्रकरणी चार वर्षांची बंदी आली. आपल्या अन्नात भेसळ झाल्याचे त्यांनी सांगितले होते आणि राष्ट्रीय संस्थेने ते मान्यही केले होते. परंतु क्रीडा लवादाने तो निर्णय फिरवला. एका मल्लावर उभारलेली प्रसिद्धी किती अस्थिर असते, याचे हे उदाहरण होय.

बेंगळुरूमध्ये कुस्तीस प्रेक्षक नाही, असा निष्कर्ष काढणे मात्र अन्यायाचे ठरेल. जुन्या शहरातील गरडी मने, म्हणजे तेथील तालमी, आणि म्हैसूरच्या दसऱ्यातील कुस्त्या यांची परंपरा मोठी आहे. शिवाय याच शहराचा ‘बेंगळुरू बुल्स’ हा कबड्डी संघ २०१४ पासून प्रो कबड्डी लीगमध्ये टिकून आहे आणि सहाव्या हंगामात तो विजेताही ठरला. कबड्डी आणि कुस्ती या दोन्ही मातीतून मॅटवर आलेल्या क्रीडा. मग एक टिकली आणि दुसरी का डळमळली? फरक खेळापेक्षा रचनेत आहे. कबड्डी लीगच्या आयोजक कंपनीत स्टार इंडिया या प्रक्षेपण करणाऱ्या कंपनीने २०१५ मध्ये ७४ टक्के भाग घेतला. २०२१ मध्ये पाच हंगामांचे माध्यम हक्क ९०८.७ कोटी रुपयांस गेले. सरासरीने वर्षाला सुमारे १८२ कोटी. वाहिनी हीच भागीदार असल्याने लीग चालू राहण्यात तिचा स्वतःचा स्वार्थ गुंतला.

या रचनेची परीक्षा बेंगळुरूमध्येच झाली. डिसेंबर २०२१ ते फेब्रुवारी २०२२ या काळात कबड्डी लीगचा आठवा हंगाम व्हाइटफील्ड भागातील एका हॉटेलात, एकाही तिकीटधारक प्रेक्षकाविना खेळविण्यात आला. सर्व संघ तेथेच मुक्कामास होते. तिकिटांची जमा नव्हती, तरी हंगाम पूर्ण झाला आणि पुढील हंगाम ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू होऊ शकला.

कुस्ती किंवा तत्सम क्रीडा व्यवसायासाठी अर्थसाहाय्याचा प्रस्ताव आला असता, मागील मैदानाची छायाचित्रे पाहण्यापेक्षा पुढील तीन वर्षांचे लेखी करार, त्यांची मुदत, रक्कम अदा करणारा पक्ष आणि करारभंगाची कलमे तपासणे अधिक उपयुक्त होय. मल्लांचे मानधन केव्हा देय आहे आणि वाहिनीचा हप्ता केव्हा येतो, या दोन तारखांतील अंतर म्हणजेच त्या व्यवसायाची खेळत्या भांडवलाची गरज.

सात वर्षांच्या खंडानंतर जानेवारी २०२६ मध्ये प्रो रेसलिंग लीग पुन्हा सुरू झाली. संघ पूर्वीप्रमाणेच सहा आहेत. महाराष्ट्राचे नाव त्यात आहे. बेंगळुरूचे अद्याप नाही.