प्रदर्शनात हेडफोन द्यायचेत? खरेदीआधी हे बघा

प्रदर्शनात फिल्म चालू आहे, पण शेजारच्या गोंगाटात काहीच ऐकू येत नाही. अशा ठिकाणी वायरलेस हेडफोन भाड्याने देणं हा चांगला जोडधंदा आहे. फक्त सेट चुकला, की भांडवल अडकलंच म्हणून समजा.

ब्लूटूथ : घरी उत्तम. पण दर नव्या माणसाला पेअरिंग करून देत बसलात तर रांग लागेल. शिवाय आवाज किंचित उशिरा येतो. पडद्यावर ओठ आधी हलतात.

इन्फ्रारेड : मध्ये खांब किंवा माणूस आला की आवाज तुटतो. उन्हातही त्रास होतो. बंद खोलीतच वापरा.

आरएफ : एक ट्रान्समीटर, हेडफोन 10 असोत की 100. चॅनेल बदलता येणारा सेट घेतला तर मराठी, हिंदी, इंग्रजी एकाच वेळी देता येतं. गर्दीसाठी हाच घ्या.

पण थांबा! फ्रिक्वेन्सी तपासा. भारतात 865 ते 868 मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी लायसन्समुक्त आहे. युरोपसाठी बनवलेले बरेच सेट 863 ते 865 वर चालतात. स्वस्त दिसला म्हणून उचलू नका. विक्रेत्याकडे ईटीए प्रमाणपत्र मागा.

आता हिशोब. फिल्म 10 मिनिटांची, हेडफोन गोळा करून पुसायला 5 मिनिटं, म्हणजे तासाला 4 खेळ. 20 हेडफोन असतील तर 80 प्रेक्षक. वर 4 जास्तीचे ठेवा, चार्जिंग संपतंच.

आधी एक दिवस सेट भाड्याने आणा, भर गर्दीत वापरून बघा. मगच पैसे गुंतवा!