अंत्येष्टीचा खर्च : श्रद्धा आणि हिशोब

घरात मृत्यू झाला म्हणजे पहिले दोन दिवस कोणीही हिशोबाच्या मनःस्थितीत नसतो. जो जे सांगेल ते आणले जाते, जो जितके मागेल तितके दिले जाते. शोक ओसरल्यावर वही उघडली जाते आणि तेव्हा समजते की गेलेल्या माणसाच्या मागे दुःखाबरोबर ऋणही राहिले आहे. जाम नदीच्या एका काठास पांढुर्णा व दुसऱ्या काठास आपले सावरगाव. दोन्ही काठांवरील कुटुंबे मुख्यतः संत्रा, कापूस व मजुरी यांवर जगतात. अशा कुटुंबांस हे ऋण किती वर्षे पुरते, हे वेगळे सांगावयास नको. यास्तव या विषयाचा शांतपणे विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम खर्चाचे भाग निरनिराळे करून पाहू. पहिला भाग दहनाचा : तिरडीचे बांबू, वस्त्र, मडके, गवऱ्या, लाकूड, तूप, राळ. दुसरा भाग अस्थिविसर्जनाचा व दहाव्या दिवसाच्या पिंडदानाचा. तिसरा भाग दानाचा : शय्यादान, भांडी, वस्त्रे, दक्षिणा. चौथा भाग तेरवीच्या जेवणाचा. यांपैकी पहिला टाळता येत नाही, परंतु तो मर्यादित असतो. कुटुंबास बुडविणारा भाग बहुधा शेवटचा असतो. आणि नेमका तोच धर्माच्या दृष्टीने सर्वांत गौण, तर लोकलज्जेच्या दृष्टीने सर्वांत मोठा मानला जातो.

येथे शास्त्र काय म्हणते ते पाहणे अवश्य आहे. विष्णुपुराणाच्या तिसऱ्या अंशात और्व ऋषी सगर राजास पितरांचे मनोगत सांगतात. ज्याच्यापाशी धन आहे त्याने भोजन व दान द्यावे. ज्याला ते शक्य नाही त्याने थोडे धान्य द्यावे. तेही नसेल तर मूठभर तीळ, तेही नसेल तर गाईला चारा. आणि काहीच नसेल तर वनात जाऊन दोन्ही बाहू वर करावेत व आपल्यापाशी केवळ भक्ती आहे असे पितरांस सांगावे, इतकेही पुरते. म्हणजे शास्त्राने शक्तीप्रमाणे पायऱ्या पाडून दिल्या आहेत. कर्जाची पायरी त्यांत कोठेही नाही.

आमच्या घरी पौरोहित्य आहे. दक्षिणेवर आमचेही घर चालते, म्हणून पुढील गोष्ट आम्हीच स्पष्टपणे सांगणे योग्य ठरेल. दक्षिणेची रक्कम विधीपूर्वी मोकळेपणाने विचारावी आणि आपली शक्ती तितक्याच मोकळेपणाने सांगावी. शय्यादानासाठी नवा पलंग व नवी गादी उधारीवर आणण्याचे कारण नाही. एक वस्त्र व एक पात्र यांनीही दान होते. पुरोहिताचे उत्पन्न यामुळे थोडे घटेल, हे खरे. परंतु यजमानाचे शेत गहाण पडून आलेली दक्षिणा कोणत्याही पुरोहिताच्या घरास शोभणारी नाही.

आता हिशोब पाहू. समजा, तेरवीसाठी एखाद्याने शेकडा दरमहा 3 रुपये व्याजाने 60,000 रुपये काढले. महिन्याचे व्याज 1,800 रुपये व वर्षाचे 21,600 रुपये झाले. मुद्दल तसेच राहिले, तर तीन वर्षांत 64,800 रुपये केवळ व्याजात जातात. वर्षश्राद्धे येतात आणि जातात, पण तेरवीचे जेवण अद्याप फिटलेले नसते. राजस्थानात तर 1960 साली मृत्युभोजास प्रतिबंध करणारा कायदाच करण्यात आला. आपल्याकडे गाडगे महाराजांनी सणसमारंभांसाठी ऋण काढण्याविरुद्ध जन्मभर कीर्तने केली, आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी 1955 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रामगीतेत अंत्यसंस्कारावर स्वतंत्र अध्याय लिहिला. तेव्हा साधेपणा ही काही नवी किंवा परकी कल्पना नव्हे.

दहनाचा खर्चही कमी करता येतो. उघड्या चितेस सामान्यतः चारशे ते पाचशे किलो लाकूड लागते. खालून हवा खेळेल अशा लोखंडी दाहिनीत दीडशे ते दोनशे किलोत तेच कार्य होते. नागपुरात शेतातील काडीकचऱ्यापासून केलेले मोक्षकाष्ठही वापरले जाते. आपल्या भागात पऱ्हाट्या व तुराट्या यांची वाण नाही. याचा विचार स्मशानभूमीची व्यवस्था पाहणाऱ्यांनी अवश्य करावा. अस्थींसाठी दूर प्रयागास जाणे होत नसेल तर तापीचे उगमस्थान मुलताई आपल्याला जवळ आहे. भाव असेल तेथे तीर्थ आहे.

पुढील माहिती प्रत्येक घराने लिहून ठेवावी.

एक : मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करावी, ती विनाशुल्क होते. त्यानंतर विलंबशुल्क पडते, आणि एक वर्ष उलटल्यास दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो. या दाखल्यावाचून बँक, विमा व वारसाची नोंद यांपैकी काहीही पुढे सरकत नाही.

दोन : मध्य प्रदेश शासनाच्या संबल योजनेत, जी 2018 साली सुरू झाली, नोंद असलेल्या असंघटित श्रमिकाच्या मृत्यूनंतर अंत्येष्टीसाठी 5,000 रुपयांचे साहाय्य आहे. पात्र कुटुंबास सामान्य मृत्यूसाठी 2 लाख व अपघाती मृत्यूसाठी 4 लाख रुपये अनुग्रह राशी मिळण्याची तरतूद आहे. नोंद मात्र माणूस जिवंत असतानाच झालेली असावी लागते.

तीन : गेलेल्या व्यक्तीचे पासबुक नीट पाहावे. त्यात वर्षातून एकदा 436 रुपये वजा झालेले दिसले तर जीवनज्योती विमा असण्याचा संभव आहे, आणि 20 रुपये वजा झाले असतील तर अपघात विमा. दोहोंची रक्कम 2 लाख रुपयांपर्यंत आहे. घरच्यांस ठाऊकच नसल्यामुळे हा हक्क न मागता राहून जाऊ शकतो.

चार : दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाचा कर्ता 18 ते 59 या वयात गेल्यास राष्ट्रीय कुटुंब साहाय्य योजनेतून एकदाच 20,000 रुपये मिळतात.

पाच : प्रत्येक खात्यावर नामांकन असावे, आणि कागद कोठे आहेत हे घरातील स्त्रियांसही ठाऊक असावे.

तथापि शासनाचे साहाय्य चितेच्या दिवशी हाती येत नाही. त्या दिवशी शेजारीच उपयोगी पडतो. रोमजवळील लानुवियम या गावी इ. स. 136 मधील एक शिलालेख सापडला आहे. तेथे डायना देवीच्या उपासकांची एक मंडळी होती. प्रवेशाच्या वेळी 100 सेस्टर्स नाणी व दर महिन्यास थोडी तांब्याची नाणी द्यावयाची, आणि सभासद वारला म्हणजे त्याच्या अंत्यविधीसाठी मंडळीने 300 सेस्टर्स द्यावयाचे, असा नियम होता. गुलामदेखील तीत सभासद होऊ शकत. देवळाभोवती जमणाऱ्या लोकांस अठराशे वर्षांपूर्वी जे जमले, ते आपणांस का जमू नये?

समजा, 200 घरांनी दरमहा 50 रुपये काढले. वर्षास 1,20,000 रुपये होतात. 200 घरांत सुमारे एक हजार माणसे धरली आणि हजारी सहा ते सात मृत्यू धरले, तर प्रत्येक कार्यास 17,000 ते 20,000 रुपये देता येतील. दहन, दशक्रिया व घरच्यांपुरते तेरवीचे जेवण यांस ही रक्कम मोठा आधार होईल. नियम तीनच असावेत : रक्कम श्रीमंतास व गरिबास सारखी, ती त्याच दिवशी घरपोच, आणि हिशोब दरवर्षी देवळाच्या फलकावर.

या सूचनेचा विचार सभासदांनी येत्या बैठकीत करावा अशी आमची विनंती आहे. तोवर प्रत्येक घरातील वडीलधाऱ्यांनी एक गोष्ट करावी. आपल्या मागे काय करावे आणि काय करू नये, हे मुलांस स्वतःच्या तोंडाने सांगून ठेवावे. पाहुण्यांपुढे लोकलज्जेशी झगडण्याचे बळ दुःखातल्या मुलांपाशी नसते. "बाबांनीच तसे सांगितले होते," एवढे एक वाक्य त्यांच्यापाशी असले तर त्यांचे शेत वाचते.