कंबर आखडते, तो आळस नव्हे

वीस-पंचवीस वर्षांचा मुलगा पहाटे कंबरदुखीने जागा होतो. सकाळी अर्धा तास, कधी त्याहून जास्त वेळ पाठ ताठ राहते. चालू-फिरू लागला की मोकळी होते. मग घरचे म्हणतात, ‘दिवसभर हिंडतोस, उठायच्या वेळीच बरं दुखतं?’ हा आळस नाही. ओझं उचलून दुखणारी कंबर पडून राहिलं की थांबते; ही पडून राहिलं की वाढते. तीन महिन्यांहून जास्त असं चाललं असेल, तर हा मणक्यांचा संधिवात असू शकतो. डॉक्टर त्याला अँकायलोजिंग स्पॉन्डिलायटिस म्हणतात. तो मुलींनाही होतो.

कशामुळे होतो? १९७३ साली लंडन आणि लॉस एंजेलिसच्या डॉक्टरांना आढळलं, की यातल्या बहुतेक रुग्णांच्या पेशींवर एचएलए-बी२७ नावाची खूण असते. ती आईवडिलांकडून येते. पण खूण असलेल्या बहुतेकांना आजार होतच नाही. मग ठिणगी कोण टाकतं? संशय जंतूंवर आहे. साल्मोनेला, शिगेला या जंतूंनी जुलाब-हगवण झाल्यावर काहींचे गुडघे-घोटे सुजतात, हे सिद्ध झालं आहे. लंडनचे संशोधक अ‍ॅलन एब्रिंगर यांनी आतड्यातल्या क्लेबसिएला जंतूकडे बोट दाखवलं. त्याच्याशी लढताना शरीर चुकून स्वतःच्याच सांध्यांवर उलटतं, असं त्यांचं म्हणणं. ही खूण दिलेले उंदीर प्रयोगशाळेत पूर्ण निर्जंतुक ठेवले, तेव्हा त्यांचे सांधे सुजले नाहीत. तरीही क्लेबसिएलावरचा आरोप अजून शाबीत झालेला नाही.

म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवा. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. रुग्णाचं ताट-अंथरूण वेगळं करू नका. आणि अँटिबायोटिकने तो बरा होत नाही. उगाच सुया टोचून पैसे घालवू नका.

मात्र पाठदुखीबरोबर ताप, रात्री घाम, वजन घटणं असेल, तर मणक्याचा टीबी असू शकतो. तो जंतूंचाच आजार आहे. त्याचा औषधांचा कोर्स पूर्ण करावाच लागतो. हा फरक डॉक्टरच तपासून सांगतील. सरकारी रुग्णालयात जा आणि ‘सकाळी आखडतं, चालल्यावर मोकळं होतं’ हे आवर्जून सांगा. सुरुवातीला एक्स-रे साफ येऊ शकतो. तेवढ्यावर गप्प बसू नका.

सूज उतरवणाऱ्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या, व्यायाम रोज करा, बिडी-सिगारेट सोडा. डोळा लाल होऊन दुखला, उजेड सोसेना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. उशीर झाला तर मणके एकमेकांना जुळून पाठ कायमची वाकते. वेळेवर उपचार घेतले, तर हाच मुलगा ताठ उभा राहून काम करू शकतो.