रक्तातली चूक आणि रोजची गोळी

रक्ताचा कर्करोग म्हटले की माणूस हातपाय गाळतो. घरचे रडू लागतात. शेजारीपाजारी म्हणतात, "आता काय, देवाची मर्जी!" पूर्वी तसेच होते. पण मंडळी, रक्ताच्या कर्करोगाचे प्रकार पुष्कळ आहेत. त्यांतला एक प्रकार असा आहे, की तो झालेली पुष्कळ माणसे आज शेतात जातात, बाजार करतात, नातवंडे खेळवतात. हे कसे घडले, ते आज वाचू.

या प्रकाराला डॉक्टर सी. एम. एल. म्हणतात. हा रोग हळूहळू वाढतो. माणूस थकतो. वजन उतरते. रात्री घाम येतो. डाव्या बरगडीखाली पानथरी वाढते व पोट जड लागते. काहींना तर काहीच जाणवत नाही. दुसऱ्या कारणासाठी रक्त तपासले, म्हणजे कळते. निरोगी माणसाच्या राईएवढ्या थेंबात सुमारे ४ ते ११ हजार पांढऱ्या पेशी असतात. या रोगात त्या लाखाच्याही वर जातात.

पेशी म्हणजे काय? घर विटांचे, तसे शरीर पेशींचे. रक्ताच्या पेशी हाडांतल्या मगजात तयार होतात. पेशीने काय काम करावे, हे तिच्या आत लिहिलेले असते. ते लिखाण ४६ गुणसूत्रांत असते. गुणसूत्रे म्हणजे ४६ पुस्तकेच समजा. २३ आईकडून आली, २३ बापाकडून. त्यांच्या जोड्यांना शास्त्रज्ञांनी नंबर दिले आहेत.

आमच्या शाळेची पुस्तके एकदा बांधून आली. उघडून पाहतो तो भूगोलाच्या शेवटी गणिताची पाने, आणि गणिताच्या शेवटी भूगोलाची! मुले खूप हसली. पण हीच चूक पेशीत झाली तर हसण्याजोगी राहत नाही.

अमेरिकेत फिलाडेल्फिया नावाचे शहर आहे. तेथे पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड हे दोघे या रोग्यांच्या पेशी दुर्बिणीखाली पाहत होते. नॉवेल यांनी पेशी साध्या नळाच्या पाण्याने धुतल्या. त्यामुळे गुणसूत्रे फुगून सुटी दिसली. त्यांत एक गुणसूत्र फारच आखूड होते. १९६० साली त्यांनी हे जाहीर केले. शहराच्या नावावरून त्याला फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणतात.

तुटलेला तुकडा गेला कुठे? हे शिकागोच्या डॉक्टर जॅनेट रॉली यांनी शोधले. त्या घरी जेवणाच्या टेबलावर गुणसूत्रांचे फोटो कातरून जोड्या लावीत. मुले चिडवीत, आई कागदी बाहुल्या खेळते! १९७३ साली त्यांनी दाखवले, की ९ नंबरचा तुकडा २२ वर गेला आहे आणि २२ चा ९ वर. पाने बदलली होती.

दोन पुस्तकांची पाने जुळून नवाच हुकूम तयार झाला. विहिरीवरच्या मोटारीचे बटन अडकावे व ती रात्रंदिवस चालावी, तसे झाले. "पेशी वाढवा, पेशी वाढवा," एवढेच चालू. त्या हुकुमाने जे प्रथिन बनते, त्यात एक खाच असते. खाचेत शक्ती देणारा पदार्थ बसला की काम सुरू.

मग शास्त्रज्ञांनी त्या खाचेत बसेल असे औषध केले. त्याचे नाव इमॅटिनिब. डॉक्टर ब्रायन ड्रुकर यांनी १९९८ पासून ते रोग्यांना देऊन पाहिले. पुरेशी मात्रा घेणाऱ्या ५४ पैकी ५३ जणांची रक्ताची मोजणी ताळ्यावर आली. २००१ साली अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली.

गोळी निघाली, पण गरिबाने ती घ्यायची कशी? मूळ कंपनीची गोळी आपल्याकडे महिन्याला लाखाच्या वर पडे. येथल्या कंपन्या तीच गोळी दहा हजारांच्या आत देत. मूळ कंपनीने पेटंट मागितले. खटला वर्षानुवर्षे चालला. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारले. म्हणून स्वस्त गोळी चालू राहिली. मला तर हा निकाल शोधाइतकाच मोठा वाटतो.

आता खरी अडचण ऐका. गोळी सुरू केली की काही आठवड्यांत माणसाला बरे वाटते. मग तो म्हणतो, "मी ठणठणीत आहे, आता गोळी कशाला?" पण गोळी चुकीची पाने काढीत नाही. ती फक्त खाच अडवून धरते. खाच मोकळी झाली की मोटार पुन्हा सुरू होऊ शकते. म्हणून गोळी रोज घ्यायची. जेवणाबरोबर, पेलाभर पाणी पिऊन. मळमळ झाली, पाय सुजले, तर डॉक्टरांना सांगायचे, परस्पर बंद करायची नाही. रक्ताची तपासणीही ठरल्या वेळी करायची. एका गोळीचा गुण येईनासा झाला तर दुसऱ्या गोळ्या आहेत. वर्षानुवर्षे तपासणी उत्तम आली, तर काहींची गोळी डॉक्टर आपल्या देखरेखीखाली थांबवून पाहतात. बाईला दिवस राहिले असतील किंवा मूल हवे असेल, तर तिने आधी डॉक्टरांना विचारावे.

लोक आणखी एक विचारतात, हा रोग मुलाबाळांना लागतो काय? नाही. ही चूक जन्मानंतर मगजातल्या एका पेशीत होते. ती आईबापांकडून येत नाही, मुलांकडे जात नाही. एका ताटात जेवले तरी लागत नाही. रोग्याचे भांडे वेगळे ठेवण्याचे काही कारण नाही.