धाव संपल्यानंतर

मुळशीच्या डोंगरकुशीत वाढणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना आम्ही मेरी डिसोझा यांचे चरित्र आवर्जून सांगतो. वांद्र्याच्या या धावपटूने १९५१ साली दिल्लीतील पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत २०० मीटर शर्यतीत कांस्यपदक व रिलेत रौप्यपदक मिळविले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली, तेव्हा प्रवासासाठी स्नेहीजनांनी निधी जमविला. १९५४ साली मनिला येथे रिलेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात त्या होत्या.

वेगवान शर्यत काही सेकंदांत संपते. धावपटूची कारकीर्दही अल्पच असते. तथागतांनी सांगितलेली अनित्यता मैदानावर अशी प्रत्यक्ष दिसते. पाय थकतात, सरावाने अंगी बाणलेले वीर्य, म्हणजे अखंड प्रयत्नशीलता, मात्र आयुष्यभर सोबत राहते. वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर, २०१३ साली, डिसोझा यांना ध्यानचंद पुरस्कार लाभला. खेळाडूने निवृत्तीनंतरही क्रीडाक्षेत्राशी राखलेल्या बांधिलकीची दखल हा पुरस्कार घेत असे.

आपले वसतिगृहही समाजाच्या दानावर उभे आहे. म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे: स्वतःची शर्यत संपली तरी मैदानाकडे पाठ फिरवू नका. रिलेत बॅटन पुढच्याच्या हाती सोपविल्यावरच आपली धाव पूर्ण होते.