वेगाची किंमत मोटर मोजते

रिमोटचा विजेवर चालणारा ट्रक पाहिला की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "टॉप स्पीड किती?" ट्रॅक्सस स्लॅश हा असाच ट्रक बरीच वर्षं पळवताना माझ्या मनात पक्क्या झालेल्या या गोष्टी.

१. आधी कागदावर हिशेब मांडा. केव्ही म्हणजे एका व्होल्टमागे मोटर मिनिटाला किती फेरे घेते तो आकडा. माझी मोटर ३५०० केव्हीची. दोन सेलच्या ७.४ व्होल्टच्या लिपो बॅटरीवर ओझ्याशिवाय मिनिटाला २५,९०० फेरे. स्परचे, म्हणजे मोठ्या गिअरचे दाते ८६, पिनियनचे, म्हणजे मोटरवरच्या छोट्या गिअरचे १९, गिअरबॉक्सचं आतलं गुणोत्तर २.७२. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी मोटरचे सुमारे १२.३ फेरे. चाकाचा व्यास साधारण ११ सेंटिमीटर धरला, तर वेग निघतो ताशी सुमारे ४४ किलोमीटर. मैदानावर तो याहून कमीच भरतो.

२. पिनियन एकेका दात्यानेच वाढवा. १९ च्या जागी २३ चा बसवला की कागदावरचा वेग सुमारे ५३ वर जातो. पण चाकाला मिळणारा जोर घटतो, मोटर जास्त करंट ओढते आणि तापते.

३. तापमान मोजल्याशिवाय दाता वाढवू नका. पाच मिनिटं पळवा, थांबवा, इन्फ्रारेड थर्मामीटर मोटरवर धरा. मी ८० अंशांपुढे जाऊ देत नाही. अती तापलेल्या मोटरच्या चुंबकाचा जोर कायमचा उतरू शकतो. विदर्भात एप्रिलमध्ये हवाच चाळिशी गाठते, तेव्हा हिवाळ्यातला पिनियन एक-दोन दात्यांनी उतरवावा.

४. मोठा टायर हाही गिअरच समजा. व्यास दहा टक्के वाढला की १९ चा पिनियन २१ चा केल्यासारखंच होतं. वर उंच गवत असेल तर मोटरचे हाल होतात.

५. व्होल्ट वाढवाल तर दाते कमी करा. त्याच गिअरवर तीन सेल लावले की हिशेब ६५ किलोमीटरवर जातो. स्पीड कंट्रोलरला तीन सेल चालतात का, ते आधी बघा.

६. दात्यांची पकड तपासा. दोन्ही गिअरची पिच, म्हणजे दात्यांचं माप, एकच हवी. मध्ये वहीच्या कागदाची पट्टी घाला, मोटर स्परला टेकवून स्क्रू आवळा, गिअर फिरवून पट्टी बाहेर काढा. तिच्यावर घड्या उमटाव्यात, पण ती फाटू नये. मग स्परला बोटाने किंचित हलवा. बारीकशी टकटक जाणवली पाहिजे.

७. हवेशी भांडू नका. वेग दुप्पट केला की हवा कापायला आठपट शक्ती लागते. निक केस यांनी २०१४ मध्ये ताशी ३२५ किलोमीटर गाठले, ते जमिनीलगत धावणाऱ्या निमुळत्या रिमोट गाडीने. ट्रक उंच असतो. वेगात त्याच्या बॉडीखाली हवा शिरते आणि तोंड वर उचललं जातं. ट्रकची खरी मजा मातीत, उडीत आणि वळणावर आहे. म्हणून अख्खी बॅटरी संपेपर्यंत मोटर हद्दीत ठेवेल आणि वळणातून जोरात बाहेर काढेल, तोच गिअर योग्य.